हरभरे कुठे कुठे गेले

विभा खानझोडे हिला माणसांपेक्षा आकडे बरे वाटतात, असं जयपूरच्या मराठी बायकांचं मत होतं आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. आकडे निदान, तुमच्या वऱ्हाडात वरणात गूळ घालत नाहीत का हो, असं विचारत नाहीत.

अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली ही मुलगी. कॉलेजातच शिकवायला राहिली असती, पण तेवढ्यात श्रीपादचं स्थळ आलं. विमा कंपनीतला अधिकारी, शांत, निर्व्यसनी. नाही म्हणावं असं काहीच नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली. मग सुरू झाल्या बदल्या. रायपूर, इंदूर, जबलपूर. प्रत्येक गावी तिने काही ना काही नोकरी धरली आणि प्रत्येक गावी ती अर्ध्यावर सोडली. कुठे शाळेत गणित शिकवलं, कुठे कॉलेजात तासांवर काम केलं, एका ठिकाणी तर कापडगिरणीच्या मालाचे नमुने मोजले. सामान बांधायची वेळ आली की श्रीपाद म्हणायचा, "तुझं काय, तुला कुठेही मिळेल." तो हे कौतुकाने म्हणतो हे तिला कळायचं, आणि तरीही हातातली दोरी त्याच्या अंगावर फेकावीशी वाटायची.

जयपूरला आली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. जवाहर नगरात कंपनीचं घर मिळालं. ते लावून द्यायला, कामवाली शोधून द्यायला, दूधवाल्याला दम द्यायला धावून आल्या त्या पलीकडच्या गल्लीतल्या चारुलताकाकू. निवृत्त बँक अधिकाऱ्याची बायको, मूळच्या साताऱ्याच्या. इथल्या मराठी घरांत त्यांचा शब्द खाली पडत नसे. कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, कुणाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं काकू ठरवत. विभाला हे जाचतही होतं आणि त्यांच्यावाचून अडतही होतं.

त्याच वर्षी एका संशोधन संस्थेत तिला करारावर काम मिळालं. शहरात दर उन्हाळ्यात कावीळ उठायची, पाण्यातून होणारी. ती एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत कशी जाते, याचं गणित मांडायचं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला जे येतं तेच करायचे पैसे देत होतं.

गणित सांगायला सोपं आहे. शहराचे तुकडे पाडायचे. एका तुकड्यातून दुसऱ्याकडे दोन प्रकारच्या रेघा ओढायच्या. एक नळाची: दोघांनाही एकाच टाकीचं पाणी येतं का? दुसरी माणसांची: इथली किती माणसं तिथे जाऊन खातात-पितात? वस्ती जितकी मोठी आणि जवळची, तितकी रेघ जाड. मग एका तुकड्यात आजार सोडायचा आणि संगणकाला म्हणायचं, सांग बाबा, आता हा कुठे निघाला. जे उत्तर येईल ते दवाखान्यांतून आलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं. जुळलं तर रेघा बरोबर. नाही जुळलं तर पुन्हा बसा.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात जवाहर नगरच्या काही गल्ल्यांत कावीळ उठली. नळाची जुनी लाइन गटाराला खेटून गेली होती आणि घरोघरचे लोक टुल्लू पंप लावून पाणी थेट लाइनमधून ओढत. लाइन चिरलेली असली की पंप पाण्याबरोबर गटारही ओढतो. एवढ्यापर्यंत गणित छान जुळलं. पुढे नकाशावरचे काही ठिपके बसेनात. एक छावणीत, एक चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या कोटाच्या आत जौहरी बाजारात, एक तर पार बगरूला, शहराबाहेर. त्यांची टाकी वेगळी, त्यांचे शेजारी ठणठणीत. तिथवर एकही रेघ पोचत नव्हती.

संस्थेतला तिचा साहेब डॉ. निलय माथुर. तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, हुशार आणि घाईतला.

"विभाजी, ये केस हटा दीजिए," तो म्हणाला. "इतना शोर तो हर डेटा में होता है."

"शोर नहीं है."

"फिर क्या है?"

"पता नहीं. पता होता तो शोर क्यों कहने देती?"

तो हसला आणि गेला. ठिपके तिने राहू दिले.

संध्याकाळी चहा पिता पिता श्रीपाद म्हणाला, "अगं, बगरूच्या बँकेतल्या गजाननला कावीळ झालीय. चांगलीच. आज फोन होता."

विभाचा कप अर्ध्यावर थांबला. बगरूला छापकाम करणारी माणसं असतात, रंगारी असतात. मराठी घर एकच, बँकेच्या गजाननचं. तिच्याकडे येणाऱ्या आकड्यांत नावं नसत, फक्त वस्ती आणि वय. बगरूचा ठिपका म्हणजे पंचेचाळिशीतला पुरुष. गजाननच तो.

मग जौहरी बाजार? तिथे सांगलीकडचे गलाईवाले आहेत, सोनं गाळणारे. त्यातला कोंडिबा ओळखीचा, त्याची बायको गंगूबाई हळदीकुंकवाला येते. विभाने फोन लावला.

"व्हय, त्यास्नीच झालीय कावीळ," गंगूबाई म्हणाली. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

छावणीचा फोन लावायची तिला गरजच पडली नाही. हळदीकुंकवाला येणाऱ्या उत्कर्षाचा नवरा, हवालदार, लष्करी इस्पितळात आहे हे तिने चारुलताकाकूंकडूनच ऐकलं होतं. ऐकून "अरेरे" म्हणून सोडून दिलं होतं. इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकलेली बाई, आणि ओळखीच्या माणसाची बातमी तिच्या डोक्यात आकडा म्हणून शिरलीच नव्हती.

बगरू, जौहरी बाजार आणि छावणी यांना बांधणारी गोष्ट जयपुरात एकच होती: चारुलताकाकूंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. ते एप्रिलच्या मध्याला झालं. ही कावीळ अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला महिना-सव्वा महिना घेते, कधी दोनही. वेळ बरोबर बसत होती.

काकूंचं हळदीकुंकू म्हणजे काही विचारू नका. जाळीदार ओढणीची आरास, कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, मोठ्या पिंपात पन्हं. शहराच्या टोकाटोकांवरून बायका रिक्षा करून येत, कारण वर्षातून तेवढं एकदाच चार तास मराठीतून भांडता यायचं. विभा स्वतः पन्ह्याचे दोन पेले प्यायली होती. साहजिकच तिचा पहिला संशय पन्ह्यावर गेला.

पण तो टिकेना. पन्हं प्यायल्या त्या बायका, आणि आजारी पडले ते नवरे. गजानन हळदीकुंकवाला कशाला जाईल? कोंडिबा दारातही आला नव्हता. त्या दोघांच्याही बायका खणखणीत होत्या. विभाने कागदावर एका बाजूला पन्हं प्यालेल्यांची नावं लिहिली आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या पडलेल्यांची. दोन्हीकडे एकही नाव सारखं नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की पन्हं तिथेच राहिलं, घरोघरी गेली ती ओटी. काकूंकडे ओटीला मूठभर देत नाहीत, पिशवी भरून भिजवलेले हरभरे देतात.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर फोन केले. सगळ्यांना एकच प्रश्न: हरभऱ्याचं काय केलंत?

बायकांना वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. बहुतेकींनी उसळ केली होती. एकीने आमटीत ढकलले होते. शिजवलेल्या घरात कुणालाही काही नव्हतं. एकीने पिशवी तशीच कामवालीला दिली होती. ती राहते कुठे, हे तिला माहीत नव्हतं. "मग विचारा आणि मला कळवा," विभा म्हणाली, आणि कळवेपर्यंत तिने त्या बाईला सोडलं नाही.

गजाननची बायको प्रतिमा म्हणाली, "उसळ कसली डोंबलाची! हे न्यायला आले होते ना. बगरू यायच्या आत गाडीतच पिशवी रिकामी केली. मला चार दाणे ठेवले नाहीत."

गंगूबाई म्हणाली, "भट्टीवर बसल्या बसल्या मूठ मूठ खाल्लं की त्यांनी. माजं दात कुठं हैत हरभरं फोडायला?"

शेवटचा फोन उत्कर्षाचा. सातारा जिल्ह्यातल्या लहानशा गावातली पोरगी, बावीस-तेवीसची, सातवा महिना सरत आलेला. ती फोनवर हसली.

"हरभरे होय? आम्ही दोघांनी खाल्ले, एकाच ताटलीत. लिंबू पिळून, तिखटमीठ लावून. मला तेव्हा काय सुचतच नव्हतं दुसरं, आंबट नि तिखट."

"कच्चे?"

"भिजलेलेच होते की."

विभाने विचारलं, इस्पितळात तुझं रक्त तपासलं का? तपासलं होतं. नवऱ्याला दाखल केलं तेव्हाच. काही निघालं नव्हतं. म्हणूनच तर घरच्यांनी ठरवलं होतं की पोटुशी बाई आजाऱ्याजवळ नको, तसंही पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, तर आत्ताच न्यावी. वडील न्यायला येऊन पोचले होते. परवाची गाडी होती.

विभाने फोन ठेवला. बाकीच्यांना ही कावीळ महिनाभर अंथरुणात घालते आणि सोडते. दिवस भरत आलेल्या बाईला मात्र ती मारू शकते, तिला आणि बाळाला. त्या दिवशी रक्त चांगलं निघालं याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी चांगलं होतं. मुदत अजून संपली नव्हती. इथे कोपऱ्यावर लष्करी इस्पितळ होतं, चोवीस तास डॉक्टर होते. तिकडे गाव डोंगराच्या पोटात आणि जवळचा दवाखाना एसटीच्या भरवशावर.

तिने पुन्हा फोन करून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. उत्कर्षाचं हसू गेलं.

"पण वहिनी, मला तर काहीच होत नाहीये."

"होऊ नये म्हणून नाही सांगत मी. झालं तर कुठे असावंस, ते सांगतेय."

"आण्णा ऐकायचे नाहीत. चारुलताकाकू म्हणाल्या तर ऐकतील. काकू माझ्या आईच्या गावच्या. माझं लग्न त्यांनीच जुळवलंय."

म्हणजे काकूंकडे जाणं आलं. विभाने पायात चपला घातल्या तेव्हा श्रीपादने वर्तमानपत्राआडून विचारलं, "सांगणार काय त्यांना?"

"तुमच्या हरभऱ्यांनी लोक आजारी पाडले, असं."

"जरा सौम्य..."

"ते कसं असतं? तू येतोस का सांगायला?"

त्याने वर्तमानपत्र उलटलं.

काकू पलंगावर बसून चष्मा पुसत होत्या. विभाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच वाईट लक्षण होतं.

"म्हणजे माझ्या गौरीच्या ओटीने लोकांना कावीळ झाली."

"ओटीने नाही. पाण्याने."

"पाणी फिल्टरचं होतं. अख्ख्या कॉलनीत माझ्याकडचं पन्हं डोळे मिटून प्यावं."

"पन्ह्याला कुणी काही म्हणत नाहीये. हरभरे कुठे भिजवलेत?"

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मागच्या अंगणात. टबात. नळाखाली. एवढ्या हरभऱ्यांना रात्रभर फिल्टरचं पाणी घालत बसू? तुमच्या वऱ्हाडात घालतात वाटतं?"

"नाही घालत. माझी आई घालत नव्हती, मीही नाही घालत. कुणीच घालत नाही. भिजवायचं पाणी आपण पाण्यात धरतच नाही."

"मग मला का नाही झाली?"

"तुम्ही काय केलंत हरभऱ्यांचं?"

"उसळ. कच्चे हरभरे खायला मी काय घोडा आहे?"

"उत्कर्षाने कच्चे खाल्ले," विभा म्हणाली. "नवऱ्याबरोबर, एकाच ताटलीत."

काकूंनी चष्मा पुन्हा काढला. बाहेर कुणाचातरी टुल्लू पंप घरघरत होता. बहुधा त्यांचाच.

"खात्री आहे तुझी? होईलच तिला?"

"नाही. बहुतेक होणारही नाही. कच्चे खाल्लेल्यांतही थोड्यांनाच होते. पण तिला झाली तर गावात तिला कुणी वाचवू शकणार नाही."

"एवढं शिकून तुला होईल की नाही तेवढंही सांगता येत नाही?"

"शिकलेय म्हणून तर सांगता येत नाही."

काकूंनी फोन पुढे ओढला. नंबर त्यांना पाठ होता.

"उत्कर्षा? मी बोलतेय. आण्णांना दे बरं." मग आवाज बदलला, गावाकडचा झाला. "आण्णा, कधी आलात? आणि मला भेटल्याशिवाय लेकीला घेऊन निघालात होय? ... अहो, नवरा दवाखान्यात पडलाय आणि बायको माहेरी निघाली, पलटणीत काय तोंड दाखवील ती? ... माहेरीच करायचं ना पहिलं? मग मी कोण आहे? लग्न लावताना मी माहेरची होते, आता परकी झाले? ... नाही नाही. तिच्या आईला पाठवून द्या इकडे. माझ्याकडे खोली आहे. डोहाळजेवण मी करते, नावेत बसवून. ... रद्द करा तिकीट. ... चहाला या उद्या."

फोन ठेवून त्यांनी विभाकडे पाहिलं. "झालं?"

"खरं कारण सांगितलंच नाहीत."

"खरं कारण सांगितलं असतं, तर बापाने माझ्या घरचा चहा नाकारला असता आणि आज रात्रीच्याच गाडीने लेकीला नेलं असतं. तुला तिला थांबवायचं होतं ना? की मला बोल लावायचा होता?"

विभाने दोन्ही ठरवून आणलेलं होतं, हे आत्ता तिच्या लक्षात येत होतं.

"दर आठवड्याला रक्त तपासायला लागेल," ती म्हणाली.

"नेईन मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगेनही, हरभरे म्हणून. त्यांना खरं सांगायला हवं, एवढं कळतं मला. तुझ्या त्या गणितात माझं नाव येणार?"

"गणितात नावं नसतात, काकू. वस्त्या असतात."

"मग ठीक. आणि जाताना मागचं दार लावून घे, तो नळ टपकतोय."

सोमवारी विभाने निलयच्या टेबलावर नवा नकाशा ठेवला. जवाहर नगरपासून छावणी, जौहरी बाजार आणि बगरूपर्यंत बारीक, तुटक रेघा.

"ये कौन-सा लिंक है?"

"भीगे हुए चने का."

तो हसायला लागला. तिने सगळं सांगेपर्यंत हसू थांबलं होतं. मग तो म्हणाला, आमच्याकडे बासोड्याला शीतलामातेसाठी आदल्या दिवशी रांधतात आणि दुसऱ्या दिवशी थंडच खातात. आई ताटं भरून सगळ्या मावश्यांकडे पाठवते. दहीबड्यांचं पाणी कुठलं असतं, कुणी विचारलंय? त्याने तिथल्या तिथे आईला फोन लावला आणि आईने त्याला तिथल्या तिथे झापलं, ते विभालाही ऐकू आलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या गणितात तिसऱ्या प्रकारची रेघ आली, सणाची. जवळ-दूर, लहान-मोठी वस्ती, तिला कशाशी देणंघेणं नव्हतं. ती नात्यांवरून जायची. तिचं माप काढायला विभाला पुढचं वर्षभर घरोघरी जाऊन नको ते प्रश्न विचारावे लागले, आणि तिची कीर्ती आणखीच वाईट झाली.

उत्कर्षाला काहीही झालं नाही. जूनमध्ये नाही, जुलैमध्ये नाही. दर आठवड्याला काकू तिला रिक्षात घालून इस्पितळात नेत, दर आठवड्याला रक्त चांगलं निघे. नवरा बरा होऊन कामावर रुजू झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला मुलगी झाली, रीतसर, किंचाळत.

विभा भेटायला गेली तेव्हा उत्कर्षाची आई काकूंच्या मागच्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. लेकीला का थांबवलं, ते तोपर्यंत काकूंनी सांगून टाकलं होतं, आणि अर्थातच सगळं विभावर ढकललं होतं.

"तुम्हीच का त्या हिशेबवाल्या?" आई म्हणाली. "तुमच्या हिशेबापायी माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण परमुलखात झालं. गाव विचारतंय, माहेर मेलं होतं का हिचं? आणि झालं काय तर काहीच नाही!"

"आई, असू दे ना," उत्कर्षा म्हणाली. पण तीही विभाकडे बघत नव्हती. अंगणातला पिंपळ, चुलत बहिणी, शेक-शेगडी, सगळं तिचं हुकलं होतं. कशासाठी, ते दाखवायला विभाकडे काही नव्हतं.

विभाला वाद घालता आला असता. तिच्या मनात आलं, मी बरोबर ठरावं म्हणून या पोरीने पिवळं पडायला हवं होतं का? पण हे असं बोलून दाखवायचं वाक्य नव्हे, एवढं चार गावं फिरून तिला कळलं होतं.

"हो, माझ्यामुळेच झालं," ती म्हणाली आणि बाळ बघायला वाकली. बाळाचे डोळे पांढरेशुभ्र होते. तिने ते जरा जास्तच वेळ पाहिले.

आई थोडी वरमली. शेवटी दारी आलेली सवाष्ण होती. "बसा तरी. लिंबाचं सरबत करते."

"चहा करा," विभा म्हणाली.

"एवढ्या उकाड्यात?"

"एवढ्या उकाड्यातच."